पुढच्या चाकांवाचून अडत नाही

मागे ओझे जोडून ओढायचे असेल तर पुढच्या चाकांनी चालणारी गाडी घ्यावी की मागच्या, यावर जगात अजून खल चालू आहे. इंग्लंडमध्ये सुट्टीला कॅरॅव्हॅन घेऊन निघणारी मंडळी तर फारच जपून वागतात. ओढायचे वजन गाडीच्या स्वतःच्या वजनाच्या ८५ टक्क्यांपुढे नेऊ नये, असा सल्ला तिथे नवशिक्यांना दिला जातो. कोल्हापूर, सांगली आणि साताऱ्याने या प्रश्नाचा निकाल कधीच लावून टाकला आहे. ओझे ट्रॅक्टरने ओढावे, मागच्या चाकांनी ओढावे, आणि दोन-अडीच टनांच्या ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या जोडून वीस टनांच्या आसपास ऊस साखर कारखान्यावर न्यावा.

मागच्या चाकांच्या निवडीला शास्त्राचा भक्कम आधार आहे. जोर लावला किंवा चढ लागला की वाहनाचा भार मागे सरकतो. १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० पासून आपल्या छोट्या मोटारी बहुतेक पुढच्या चाकांवर चालू लागल्या. अशा मोटारीमागे ओझे जोडले की ओढणारी चाकेच हलकी होतात आणि ओल्या चढावर जागच्या जागी फिरत राहतात. ट्रॅक्टरचे तसे नाही. ओढ वाढेल तशी त्याची मागची चाके रस्ता घट्ट धरतात, आणि टायरमध्ये पाणी भरून ती आणखी जड करता येतात. या व्यवहारात पुढची चाके तेवढी हलकी होतात. ट्रॅक्टर वळतो तो त्याच चाकांनी, ही गोष्ट खरी. पण इतक्या बारीकसारीक कारणांसाठी गाळप थांबवता येत नाही.

चढावर ट्रॅक्टरचे तोंड उचलले गेले तर त्यावरही उपाय आहेत. कंपनीने पुढे लावायला लोखंडी वजने काढली आहेत, पण ती विकत घ्यावी लागतात. त्यापेक्षा दोन पोरांना पुढच्या बंपरवर बसवणे स्वस्त पडते. उरला प्रश्न दिशेचा. शेताच्या कडेला वळताना डावे-उजवे चाक वेगवेगळे थोपवता यावे म्हणून ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पेडले असतात. रस्त्यावर येताना ती एकमेकांना जोडून घ्यावीत, असे माहितीपुस्तिका सांगते. पण पुढची चाके अधांतरी असताना ट्रॅक्टर वळवायचा तो याच सुट्या पेडलांनी, म्हणून अनुभवी चालक ती सुटीच ठेवतो. पुढे उतार लागतो, घाईत एकाच पेडलवर पाय पडतो आणि ट्रॅक्टर गर्रकन फिरतो. पुस्तिका लिहिणाऱ्याने नेमका एवढाच विचार केलेला असतो.

ट्रॉलीच्या बाबतीत आपण दाखवलेली काटकसर तर आदर्श म्हणावी अशी आहे. तिला बहुधा ब्रेकच नसतात. चढावर ट्रॅक्टर ट्रॉल्यांना ओढतो, उतारावर ट्रॉल्या ट्रॅक्टरला ढकलतात. श्रमाची इतकी न्याय्य वाटणी दुसरीकडे क्वचितच दिसेल. डिझेल वाचवायला कुणी उतारावर गिअर काढून ठेवतो. मग इंजिनाचाही अडसर राहत नाही, आणि वीस टनांना थोपवण्याची जबाबदारी चालकाच्या एका पायावर येते.

रात्रीच्या वाहतुकीत आपण सहप्रवाशावर टाकलेला विश्वासही नोंदवला पाहिजे. ट्रॉलीच्या पाठीवर परावर्तक पट्टी लावण्याचे कार्यक्रम हंगामाच्या तोंडावर होतात, त्यांची छायाचित्रेही छापून येतात. नंतर त्या पट्टीवर उसाची टोके लोंबू लागतात. दिवा असलाच तर त्याची तार तुटलेली असते. मागून दुचाकीवर येणाऱ्याला समोरच्या अंधारात ऊस आहे हे आपोआप कळेल, असे आपण धरून चालतो. बाजूला लावलेल्या मोठ्या आवाजाच्या गाण्याने चालकाला मागचा हॉर्न ऐकू येत नाही, त्यामुळे तोही निर्धास्त असतो.

हे सगळे इतके सुरळीत चालते याचे श्रेय दराच्या रचनेला द्यायला हवे. वाहतुकीचा पैसा टनावर मिळतो. ट्रॅक्टरच्या कर्जाचा हप्ता टनावर फिटतो. तोडलेला ऊस वाळला की वजन घटते आणि उताराही पडतो, म्हणून प्रत्येकाला घाई असते. काट्यावर नंबर लागेपर्यंत चालक रात्र रात्र जागतो आणि तसाच तारवटल्या डोळ्यांनी पुढच्या खेपेला निघतो. बीडकडून आलेली ऊसतोड मजुरांची टोळी मुकादमाची उचल अंगावर घेऊन आलेली असते. त्यात नवरा-बायको मिळून एक कोयता. फडातून परतताना ही माणसे, कडेवरच्या लेकरांसह, भरलेल्या उसावरच चढून बसतात. त्यांच्यासाठी वेगळे वाहन ठेवले तर त्याचा पैसा कोणत्या टनात धरायचा, याचे उत्तर दरपत्रकात नाही. ट्रॉली कलंडली की ऊस पुन्हा भरता येतो आणि त्याचे वजनही मिळते. वर बसलेल्या बाईची नोंद मात्र कारखान्याच्या कोणत्याही हजेरीपटावर सापडत नाही, कारण ती टोळीची; टोळी मुकादमाची; आणि मुकादम पुढच्या उचलीसाठी माणसे शोधायला गेलेला असतो.

तरीही ट्रॉलीला ब्रेक असावेत, दोनऐवजी एकच ट्रॉली जोडावी, माणसांना उसावर बसू देऊ नये, असे म्हणणारे लोक अधूनमधून भेटतात. त्यांचे ऐकून घ्यायला काहीच हरकत नाही. ब्रेकचा खर्च कारखान्याने करावा असे ट्रॅक्टरमालक सांगेल. वाहन मालकाचे आहे, तेव्हा खर्च त्याने करावा, असे कारखाना सांगेल. परिवहन खाते दोघांना पत्र पाठवील. त्या पत्राची उत्तरे येईपर्यंत मार्च उलटून गाळप संपलेले असेल, ट्रॉल्या वस्तीवर उभ्या असतील आणि विचार करायला पुढच्या हंगामापर्यंत सहा महिने मोकळे मिळतील.