लस तीच, दंड वेगळा

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनलेली कोविशील्ड ही कोविडची लस विलायतेत टोचली तर उत्तम काम करते. तीच पुण्यात टोचली तर टोचलीच नाही असे समजावे. हा शोध आमचा नव्हे, ब्रिटिश सरकारचा. सप्टेंबर २०२१मध्ये त्यांनी प्रवासाचे नवे नियम काढले आणि कोविशील्डचे दोन्ही डोस घेतलेला भारतीय माणूस 'लस न घेतलेला' ठरवला. आता ही लस मुळात ऑक्सफर्डचीच. त्याच वर्षी मार्चमध्ये याच पुण्याहून ५० लाख डोस साहेबाने स्वतःसाठी नेलेले. अरबी समुद्र ओलांडताना बाटलीला गोरेपणा येत असावा.

जुलैत मात्र साहेबच रडकुंडीला आला होता. मँचेस्टरहून माल्टाला निघालेल्या काही ब्रिटिश पर्यटकांना विमानात चढू दिले नाही, कारण त्यांच्या दंडात पुणेरी बॅच गेली होती. (पुणेरी म्हटले की अपमान ठरलेलाच, पण तो करण्याचा मान आजवर पुणेकरांकडे होता.) तेव्हा लंडनहून ठणकावून सांगण्यात आले, लस कुठली का असेना, दर्जा तोच! माल्टाने ऐकले. लंडनला मात्र दोन महिन्यांत स्वतःचेच बोलणे आठवेना.

भारताने ओरडा केला, तेव्हा कोविशील्ड मान्य लसींच्या यादीत आली. मग खोट प्रमाणपत्रात निघाली. लस चालेल, कागद चालणार नाही. शेवटी दिल्लीनेही ४ ऑक्टोबरपासून येणाऱ्या ब्रिटिशांना दहा दिवस कोंडून ठेवायचे ठरवले. आणि काय चमत्कार, ७ तारखेला कागद एकदम सुधारला!

तशी ही रीत जुनीच. १८९७च्या प्लेगात प्लेग अधिकारी रँडचे सोल्जर पुण्यात घराघरांत घुसत होते, आणि तिकडे व्हेनिसला युरोपातली राष्ट्रे परिषद भरवून बसली होती. हिंदुस्थानात माणसे मरतात याची काळजी कमी, प्लेग बोटीत बसून आपल्याकडे येईल याची जास्त.

आफ्रिकेला मात्र दिल्लीसारखा हिसका दाखवता आला नाही. २०२१च्याच नोव्हेंबरात दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी कोरोनाचा नवा अवतार ओमायक्रॉन हुडकला आणि जगाला प्रामाणिकपणे कळवला. बक्षीस म्हणून ब्रिटनने दिवसाभरात विमाने बंद केली. प्रवासबंदीची लाल यादी वाढत वाढत ११ देशांवर गेली. अकराच्या अकरा आफ्रिकेतले. मागाहून नेदरलँड्सने जुने नमुने तपासले, तर ओमायक्रॉन त्या घोषणेआधीच तिथे पोचलेला. मग नेदरलँड्स लाल यादीत गेले का? छे हो. तिथे तो पाहुणा म्हणून उतरला होता.