शेवटचा हौशी

कॉलेजचे बास्केटबॉल श्रेष्ठ की व्यावसायिकांचे, हा प्रश्न अमेरिकेतील रसिकाला कोणी विचारू नये. कारण त्याचे उत्तर विचारापूर्वीच तयार असते आणि बहुधा पदवीपत्रावरील शिक्क्याने ते कायमचे मुक्रर केलेले असते. आम्ही कॉलेजपक्षाचे अभिमानी आहोत, हे आरंभीच नमूद करतो, म्हणजे पुढील विवेचन निःपक्षपाती असल्याचा गैरसमज वाचकांच्या ठायी उत्पन्न होणार नाही.

व्यावसायिक खेळाडूंविषयी आमची पहिली तक्रार अशी, की ते पैशासाठी खेळतात. आणि दुसरी अशी, की पैसे घेऊनही खेळत नाहीत. 82 सामन्यांचा हंगाम देहास सोसत नाही, हे ज्ञान संघांना झाल्यापासून विश्रांतीला तेथे शास्त्राची प्रतिष्ठा लाभली आहे. 2012 साली सॅन अँटोनियो स्पर्सने मायामीच्या सामन्यापूर्वी डंकन, पार्कर व जिनोबिली या बिनीच्या गड्यांना घरी धाडले, तेव्हा व्यावसायिक लीगचे तत्कालीन आयुक्त डेव्हिड स्टर्न यांनी अडीच लक्ष डॉलरांचा दंड ठोठावला. उरलेल्यांनी तो सामना अवघ्या पाच गुणांनी गमावून दिग्गजांवाचूनही खेळ रंगतो, असा कोणी न मागितलेला पुरावा दप्तरी दाखल केला. हरण्याचीही तेथे कदर होते. तळाच्या संघास नवोदितांच्या निवडीत अग्रक्रमाची संधी अधिक, म्हणून फिलाडेल्फियाने 2015-16 च्या हंगामात 72 सामने गमावले आणि या पराक्रमाला त्यांचे भक्त आजही ‘प्रोसेस’ या नावाने गौरवितात.

याउलट आमच्या कॉलेजच्या खेळाची शुचिता पाहावी. येथे मुले केवळ विद्येच्या ओढीने येतात. त्यांतील काहींची ग्रहणशक्ती इतकी तीव्र, की व्यावसायिक लीगने 2006 पासून प्रवेशासाठी किमान 19 वर्षे वयाची अट घालताच एका वर्षात सर्व विद्या हस्तगत करून ती प्रस्थान ठेवू लागली. प्रशिक्षकांनी लक्षावधी डॉलर घ्यावेत आणि मुलांनी शिष्यवृत्तीवर समाधान मानावे, ही पुण्यशील वहिवाट दीर्घकाळ निर्वेध चालली. 2021 च्या जुलैत मुलांना स्वतःच्या नावाचा व छबीचा मोबदला घेण्याची मुभा मिळाली आणि 2025 पासून विद्यापीठेच आपल्या खजिन्यातून त्यांना हिस्सा देऊ लागली. त्यात भर म्हणून विद्यापीठ बदलण्याची सवलत. परिणामी ज्याच्या नावाचा सदरा आम्ही विकत घ्यावा, तो गडी सदरा एकदा धुऊन वाळेपर्यंत प्रतिस्पर्ध्याकडे रुजू झालेला असतो.

तथापि मार्च महिना उजाडला, की आम्ही सारे विसरतो. 68 संघांची राष्ट्रीय स्पर्धा, एक पराभव आणि घरचा रस्ता! 2018 साली सोळावे मानांकन असलेल्या मेरीलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी शाखेने अव्वल व्हर्जिनियास 74-54 असे लोळविले, तेव्हा कचेऱ्याकचेऱ्यांतून भरलेले निकालांच्या भाकितांचे तक्ते एका रात्रीत रद्दीत गेले. मुख्य फेऱ्यांच्या 63 सामन्यांचे हमखास अचूक भाकीत करण्यासाठी जितके तक्ते भरावे लागतील, त्यांची संख्या 19 आकडी आहे. तरी दरवर्षी आपलाच तक्ता खरा ठरणार, याविषयी आमच्या मनात तिळमात्र शंका नसते. सामन्याची अखेरची दोन मिनिटे मुद्दाम केलेले फाउल, टाइम-आउट आणि पंचांची चित्रफीत-चिकित्सा यांत कितीतरी लांबतात, आणि त्या अवकाशात आम्ही मोटारींच्या व विम्याच्या जाहिराती भक्तिभावाने पाहतो. दोन्हीकडच्या खेळाडू-प्रशिक्षकांचा उदरनिर्वाह याच भक्तीवर चालतो. एकट्या व्यावसायिक लीगच्या प्रक्षेपणाचा चालू करार अकरा वर्षांचा व सुमारे 76 अब्ज डॉलरांचा आहे.

सारांश, दोन्ही दरबारांत खेळाडू, प्रशिक्षक, विद्यापीठ, मालक व वाहिनी या सर्वांच्या पदरी मोबदला पडतो. निव्वळ हौसेखातर या खेळात राबणारा उरला आहे तो एकटा प्रेक्षक, आणि तोही पदरमोड करून. तेव्हा हौशी वृत्तीचे जतन हे ब्रीद मिरविणाऱ्या कॉलेज-खेळांच्या नियामक मंडळास आमची नम्र विनंती आहे, की त्याने आता खेळाडूंच्या खिशांची झडती थांबवावी आणि प्रेक्षकांना एक जाहीर मानपत्र अर्पण करावे. मानपत्राच्या छपाईचा खर्च रिवाजाप्रमाणे आम्हीच सोसू.