खटाटोप करू नये!

उगाच खटाटोप करू नये, पाण्यासारखं वाहत राहावं, ही ताओ पंथाची शिकवण. पाणी उताराकडे वाहतं. या मंडळींची देवळं मात्र डोंगरमाथ्यावर! चीनच्या हूबेइ प्रांतातल्या वुदांग डोंगरात, दगडी पायऱ्या संपायचं नाव घेत नव्हत्या तेव्हा मामा कठड्याला टेकले आणि म्हणाले, “मग हा खटाटोप कोणाचा रे?”

खटाटोप मिंग सम्राट योंगल याचा. पुतण्याचं राज्य बळकावलेला हा काका. शनिवारवाड्याजवळ जन्म काढलेल्या मामांना पुढचं सांगावं लागलं नाही. अशा काकांना दैवी पाठिंबा लागतोच. झेनवू देवाच्या कृपेने आपण जिंकलो, असं जाहीर करून त्याने 1412 पासून दोन लाखांहून जास्त सैनिक आणि मजूर या डोंगराला जुंपले.

वाटेत नानयानला कड्याबाहेर झेपावलेली एक दगडी तुळई आहे, टोकाला ड्रॅगनचं डोकं. त्या डोक्यावर उदबत्ती लावायला भाविक तुळईवरून जात आणि काही जण थेट देवाकडे पोचत. अखेर 1673 मध्ये बंदीचा शिलालेख लावला गेला. आता फाटकाला कुलूप असतं. मामांनी ते एकदा ओढून पाहिलं. “खात्री केली,” म्हणाले.

शेवटच्या चढावर दोघे डोलीवाले बांबूची खुर्ची घेऊन बराच वेळ आमच्यासोबत चालले. घाई नाही, आग्रह नाही. नुसतं मामांच्या गुडघ्यांकडे बघत राहायचं. अख्ख्या डोंगरात ताओ कळलेली मला भेटलेली माणसं हीच. मामा ताठ मानेने चालत राहिले. तेवढ्यात पाठीवर पिशवी घेतलेल्या एक आजीबाई त्यांना ओलांडून गेल्या, तेव्हा ती मान जरा खाली आली.

1612 मीटरवरचं सुवर्णमंदिर 1416 चं. तांब्याचं, वर सोन्याचा मुलामा. आत देव अनवाणी, केस मोकळे, समोर कासव आणि साप. मूर्तीचा चेहरा सम्राटाचाच, अशी आख्यायिका आहे. पायरीवर नाव कोरून घेणारे आपले देणगीदार त्यामानाने फारच संकोची.

जाणार असाल तर केबलकारने जा. तिच्यातून उतरल्यावरही छाती भरून येईल एवढ्या पायऱ्या शिल्लक असतात.