तापल्याशिवाय बोलत नाही

तुळजापुरात झोपेला मान आहे. इथली देवीच झोपते. नवरात्राआधी घोरनिद्रा, दसऱ्यानंतर कोजागिरीपर्यंत श्रमनिद्रा आणि पौषात शाकंभरी नवरात्राआधी मोहनिद्रा. मूर्ती सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवतात आणि तेवढे दिवस कुणी घाई करत नाही. त्यामुळे आमच्या माळ्यावर व्हॉल्व्हचा अँप्लिफायर तीसेक वर्षं झोपून राहिला, याचं घरात कुणाला नवल वाटलं नाही.

वडिलांचा मंडप-लाउडस्पीकरचा धंदा होता. लिंबाच्या झाडाला दोन कर्णे बांधले की लग्न असो की गोंधळ, आवाज वेशीपर्यंत जायचा. खरं तर संबळाला लाउडस्पीकर लागतच नाही. पण गोंधळ्यापुढे माइक ठेवला नाही तर यजमानाला पैसे फुकट गेल्यासारखं वाटायचं.

यंदा मी ते धूड खाली उतरवलं. वजन सगळं ट्रान्स्फॉर्मरचं. शेजारच्या मावशींनी डोकावून विचारलं, "काय करायलाव ओ?" मी म्हटलं, "उठवायलोय." त्या हात जोडून गेल्या.

गावातले जुने मिस्त्री आले. मी प्लग घेऊन सरसावलो तर त्यांनी हात धरला. आधी सिरीज बोर्डावर शंभर वॅटचा बल्ब लावला. आत शॉर्ट असेल तर बल्ब भगभगून पेटतो, सामान वाचतं. आमचा बल्ब भगभगला. "कंडेन्सर सुकलेत," मिस्त्री म्हणाले. आमच्या भागात विहिरी सुकतात हे ठाऊक होतं. कंडेन्सरही त्याच मातीचे निघाले.

पंचेचाळीस किलोमीटरवरच्या सोलापुरात गेलो. ४५० व्होल्टचा कंडेन्सर मागितला तर दुकानदार म्हणाला, "काय गिरणी चालवायलाव का?" चौथ्या दुकानात मिळाले. व्हॉल्व्ह मात्र ठणठणीत होते. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचं 'बीईएल' हे नाव काचेवर अजून वाचता येत होतं.

मग सुधारणा. दोन पिनचा प्लग काढून अर्थिंगसह तीन पिनचा लावला. बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये वीज दबा धरून बसते, ती उतरावी म्हणून त्याच्यावर एक रेझिस्टन्स जोडला. भाच्याच्या हट्टापायी ब्लूटूथची चिमुकली पट्टीही बसवली. मिस्त्रींनी एकच ताकीद दिली, स्पीकर जोडल्याशिवाय चालू करायचा नाही. ऐकणारं कुणी नसताना हा मोठ्यानं बोलू लागला, तर आउटपुट ट्रान्स्फॉर्मर जळतो. हीच सोय काही वक्त्यांत असती तर निवडणुका किती शांततेत पार पडल्या असत्या!

शेवटी बटण दाबलं. दिवा लागला, व्हॉल्व्हच्या पोटात तांबूस तार उजळली. आवाज नाही. भाचा फोनवर टिचक्या मारत म्हणाला, "मामा, बंद पडला का?" व्हॉल्व्हमधला कॅथोड तापल्याशिवाय त्यातून इलेक्ट्रॉन सुटत नाहीत, हे त्याला सांगायला गेलो. ते सांगून होईपर्यंत अर्धा मिनिट सरला आणि कर्ण्यातून आधी घुंईं, मग खणखणीत संबळ आला. मावशी पुन्हा दारात आल्या, या वेळी "आई राजा उदो उदो" म्हणत.

भाचा आता विचारतो, हा अर्धा मिनिट काढून टाकता येणार नाही का? ट्रान्झिस्टर बसवला तर येईल. पण बाकी सगळं बदललं, तेवढा मी ठेवणार आहे. घरात तापण्याआधी गप्प बसणारा तोच एक आहे.

तुमच्याही माळ्यावर असा कुणी झोपला असेल तर थेट प्लग लावू नका. जाणता मिस्त्री बोलवा, आधी सिरीजचा बल्ब लावा. इतक्या वर्षांच्या झोपेतून कुणालाच दचकवून उठवू नये.