मास्तरांचा कोबा, साडूंची हळद

साताऱ्याच्या एका निवृत्त मास्तरांनी दिवाणखान्याची जमीन बदलायचं काढलं, तेव्हा घरात स्थळं पाहिल्यासारखी गडबड उडाली. एपॉक्सीचे नमुने चहाच्या कपांबरोबर हातोहात फिरू लागले. मुलीला संगमरवरी लाटा आवडल्या, मास्तरांना रंगीत ठिपके. खालचा लाल कोबा चाळीस वर्षं निमूट पडून होता. त्याचं मत कुणी विचारलं नाही.

विचारायला हवं होतं. एपॉक्सी ही काही अंथरायची सतरंजी नव्हे. राळ आणि हार्डनर ठरल्या मापात मिसळले की त्यांचा कडक थर बनतो, आणि तो खालच्या सिमेंटला जितका घट्ट धरेल तितकाच टिकतो. म्हणून आधी जमीन यंत्रानं घासून खरखरीत करायची, जुनं मेण-तेल काढायचं. सिमेंट नवं असेल तर साधारण २८ दिवस थांबायचं. ओल तपासण्याची युक्ती तर पोरखेळासारखी: प्लास्टिकचा चौकोन चारी कडांनी चिकटपट्टीनं जमिनीवर डकवायचा आणि किमान १६ तास ठेवायचा. जुलैतल्या सकाळी मास्तरांनी तो उचलला, तर खाली थेंबच थेंब.

"दहा वर्षं सांगतेय, खालून ओल येते म्हणून," मास्तरीणबाई म्हणाल्या. "माझं खरं नव्हतं, प्लास्टिकचं खरं!"

काम उन्हाळ्यावर गेलं.

दिवाळीत सांगलीचे साडू आले. हळदीचे व्यापारी. सांगलीच्या माणसाला जमिनीबद्दल शिकवायला जाऊ नये. शेजारच्या हरिपुरात जमिनीखालच्या पेवांत हळद वर्षानुवर्षं राहायची, रंगरोगणाशिवाय. २००५च्या पुरानं त्यांतल्या बहुतेकांचं वाटोळं केलं. २०१९ला सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ५७ फूट ओलांडले, धोक्याची पातळी ४५ फुटांची असताना. त्यामुळे साडूंनी नमुन्याच्या चकाकीकडे बघितलंच नाही. खिशातली हळद पाण्यात कालवून पांढऱ्या नमुन्यावर फासली आणि तो गच्चीवर ठेवला.

डाग चार-पाच दिवसांत फिका पडला; हळदीच्या रंगाला ऊन सोसत नाही. मास्तर खूश. पण नमुना गच्चीवरच विसरला आणि संक्रांतीला पाहिला तेव्हा पांढऱ्याचा पिवळा झाला होता, कारण ऊन साध्या एपॉक्सीलाही सोसत नाही.

"हळद गेली, पण तुमची फरशीच हळदीची झाली की वो," साडू म्हणाले.

उपाय आहे: वरून ऊन सोसणाऱ्या पॉलियुरेथेनचा हात द्यायचा. तो खिडकीपाशी तरी हवाच, असं ठरलं. शिवाय मास्तरीणबाईंनी तांब्याभर पाणी ओतून नमुन्यावर ओला पाय ठेवून पाहिला आणि "वाळू मिसळा, नाहीतर मी माडीवरच राहते" असं बजावलं.

एप्रिलमध्ये कारागीर आले. पहिली बादली मिसळून ते चहाला गेले. मिसळलेला माल बादलीत ढिगानं राहिला तर तापून पटकन आळतो. परत येईतो काठी बादलीत ध्वजासारखी उभी. बादली अजून परसात आहे. मास्तर तिच्यावर बसून पेपर वाचतात.

जमीन मात्र झकास झाली. ठिपक्यांत धूळ दिसत नाही, हे विकणाऱ्यानं सांगितलं होतं आणि ते अगदी खरं निघालं. परवा मास्तरांची रक्तदाबाची पांढरी गोळी पडली. बॅटरी घेऊन ते गुडघ्यांवर रांगत होते, आणि दर वेळी हाताला ठिपकाच लागत होता.