बाकी उरते ती मजुरी

ज्या गृहस्थाच्या घरी खुर्चीवर बसण्यापूर्वी तीवरची पटाशी, रंगाची वाटी आणि अर्धवट विणलेले काहीतरी उचलून कोठे ठेवावे अशी विवंचना पाहुण्यास पडते, तो गृहस्थ वाचकांच्या परिचयाचा असणारच. आमच्या वाड्यात त्यांना नाना म्हणतात. महसूल खात्यात अव्वल कारकुनापर्यंत चढून रीतसर पेन्शनीत निघालेल्या या माणसाने सरकारी दप्तरातील एकही कागद कधी अपुरा ठेवला नाही अशी त्यांची ख्याती आहे. घरात मात्र पुरी झालेली एखादी वस्तू शोधायची तर पंच बोलावून झडतीच घ्यावी लागेल.

नानांच्या छंदाचा कायदा ठरलेला आहे: प्रथम हत्यारे, मग ग्रंथ, मग गुरू, आणि सर्वांच्या शेवटी, हौस शिल्लक राहिलीच तर, प्रत्यक्ष काम. पुस्तकबांधणीचे मनावर घेतले तेव्हा शिकंजा, दाभण, दोरा, पुठ्ठे आणि कापड असा जामानिमा घरात दाखल झाला, आणि कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद किती घालावे या विषयावर मला भर जिन्यात अडवून त्यांनी जे व्याख्यान दिले, ते संपेपर्यंत मी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेत राहिलो. शेजाऱ्यांनी आपापले जीर्ण ग्रंथ मोठ्या विश्वासाने त्यांच्याकडे रुजू केले. नानांनी पहिल्या ग्रंथाचे जुज शिवले, पाठीला खळ लावली, रात्रभर तो शिकंजात आवळून ठेवला आणि सकाळी प्रसन्न मुद्रेने जाहीर केले, "तत्त्व समजले! बाकी उरते ती मजुरी." उरलेले ग्रंथ मालकांनी तगादे लावून परत नेले, पूर्वी त्यांची पानेच काय ती सुटी होती, आता वेष्टनेही सुटी झाली होती.

पुढे पुढे हे वाक्य कानी पडले की त्या छंदाचे दप्तर बंद झाले, एवढे वाड्यातील पोरासोरांनाही कळू लागले. नातवासाठी आरंभिलेल्या लोकरी स्वेटरची पाठ झाली, पोट झाले, डावी बाही झाली. परंतु उजवी बाही म्हणजे डावीची केवळ नक्कल, आणि नक्कल करणे हे कनिष्ठ कारकुनाचे काम, असा निवाडा देऊन त्यांनी सुया खाली ठेवल्या. उजवी बाही नानांच्या पत्नी माईंनी विणली, आणि मूळची लोकर एव्हाना संपल्याने ती निराळ्या रंगाची झाली. एका वर्षी घरचा गणपती शाडूचा घडवायचे ठरले. मूर्ती वाळेना म्हणून ती उन्हात ठेवण्यात आली, साहजिकच तडकली, आणि चतुर्थीच्या पहाटे नाना शाडू सावलीतच का वाळवावा याचे तत्त्व समजून मोकळे झाले असता माई चिरंजीवांना तयार मूर्ती आणावयास पिटाळीत होत्या.

परंतु या साऱ्या कारभाराचा कळस गंजिफांनी गाठला. सावंतवाडीस बदलीवर असताना नानांनी चिताऱ्यांचे काम पाहिले होते. चिंचोक्याच्या खळीने घट्ट केलेली ती वाटोळी पाने, त्यांवरचे चित्रकाम आणि वर लाखेची झिलई त्यांच्या मनात ठाण मांडून बसली होती. दशावतारी गंजिफांत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दहापर्यंत अशी 12 पाने, म्हणजे एकूण 120 पाने असतात. नानांनी मत्स्याची 12 पाने भक्तिभावाने रंगवली, कूर्माची नेटाने रंगवली, वराहापाशी मात्र हात रेंगाळू लागला आणि सातव्या पानावर तत्त्व समजले. नृसिंहापासून पुढचे अवतार त्या घरी आजतागायत झालेले नाहीत. कलियुग असूनही कल्कीची तेथे कोणी वाट पाहत नाही.

इतके असूनही या गृहस्थांविषयी माझ्या मनात जो काही आदर आहे, तो त्यांनी माझ्याकडून माझ्या मर्जीविरुद्ध वसूल केला आहे. एकदा त्यांच्यासमवेत बुरूड आळीत जाण्याचा प्रसंग आला. त्याआधी नानांच्या घरी सुपाचा प्रयोग यथासांग होऊन चुकला होता आणि त्यांच्या अंगठ्याला अजून चिंधी बांधलेली होती. दुकानासमोर एक सुशिक्षित गृहस्थ, पुण्याच्या रिवाजास अनुसरून, सुपाची किंमत निम्म्यावर आणण्याच्या कामगिरीत गर्क होते आणि विणणारी बाई मान वर न करता "नाही परवडत" एवढेच म्हणत होती. नानांनी तेच सूप उचलले, बाईने सांगितलेले पैसे मोजून तिच्यापुढे ठेवले, आणि सुपाची मागची बाजू जेथे वळून उभी राहते तेथे तो चिंधीचा अंगठा फिरवीत मला म्हणाले, "हे वळण पाहा. कामटी मोडते ती इथे. माझ्या साऱ्या इथेच मोडल्या."

"पण नाना, भाव तरी करायचा," मी म्हणालो.

"कशाचा भाव करू? तत्त्व फुकट मिळते हो. पैसे पडतात ते मजुरीचे."

मग ध्यानात आले की तांबट आळीतील मठारकाम करणारा कारागीर नानांना बसावयास पाट का देतो, आणि त्यांच्या गळक्या तांब्याला न हसता डाख का लावून देतो. तांबे ठोकून कणखर होते, फार ठोकले तर तडकते, म्हणून मधूनमधून तापवून नरम करावे लागते, हे नाना स्वतःचा तांब्या फोडून शिकले आहेत. आणि तो कारागीर बंबाची जी किंमत सांगतो तीत ते सारे तापवणे अन् ठोकणे त्यांना ऐकू येते. घरात एकही वस्तू पुरी न करणारा हा मनुष्य, पुरी केलेल्या वस्तूचे मोल पुरते जाणणारा आमच्या पेठेतील बहुधा एकमेव गिऱ्हाईक आहे.

तेव्हा वाचकहो, तुमच्या शेजारच्या नानांना खुशाल हसा, त्यांच्या एकबाही स्वेटरचे किस्से खुशाल सांगा. मात्र पुढच्या वेळी सूप घेताना घासाघीस करण्याची उबळ आली, तर आधी चार कामट्या घेऊन घरी स्वतः बसा, मागची बाजू वळेपर्यंत उठू नका, आणि मग भाव तुम्हीच सांगा.