साखळीदादा

आमच्या लॅबमध्ये त्याला सगळे साखळीदादा म्हणतात. पीएच.डी.चं सहावं वर्ष. काम काय, तर वीज वाहून नेणारं प्लास्टिक बनवणं. प्लास्टिक म्हणजे वायरवरचं वेष्टण, ही समजूत १९७७ साली मोडली आणि ती मोडणाऱ्या हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा या तिघांना २००० साली नोबेल मिळालं. शिराकावांच्या लॅबमध्ये कुणीतरी उत्प्रेरक चुकून हजारपट घातला आणि काळ्या भुकटीऐवजी चकचकीत पापुद्रा निघाला, ही गोष्ट दादा महिन्यातून दोनदा तरी सांगतो. विशेषतः त्याच्या हातून काही सांडलं की.

दादाचं खरं दुखणं शेपट्यांचं. पॉलिमरच्या कण्यात एकाआड एक दुहेरी बंध असले की प्रभार त्यावरून सरसर पळतो. पण नुसता कणा कशात विरघळेल तर शपथ! फ्लास्कच्या तळाशी डांबर बसतं. म्हणून बाजूला कार्बनच्या लांब शेपट्या लावायच्या. त्या जास्त झाल्या की शेजारच्या साखळ्या दुरावतात आणि प्रभाराला इकडून तिकडे उडी मारता येत नाही. विरघळतं ते वाहत नाही, वाहतं ते विरघळत नाही. सहा वर्षं हा गडी शेपटीत दोन कार्बन वाढवतोय, दोन छाटतोय. आईने फोनवर विचारलं, "अरे, पुढचं काय ठरवलंस?" हा म्हणाला, "फांदी कण्यापासून एक कार्बन लांब नेतोय." त्या माउलीने फोन वडिलांकडे दिला.

पॉलिमर एकामागून एक द्रावकांनी धुणारं सॉक्सलेट लावलं की दादा जेवायला येत नाही. आधी मिथेनॉल, मग ॲसिटोन, मग हेक्झेन, शेवटी क्लोरोफॉर्म. हेक्झेनच्या पाळीला तो दुधावर नजर ठेवावी तसा स्टुलावर बसतो. हेक्झेन हिरवं व्हायला लागलं की साखळ्या आखूड निघाल्या, महिना पाण्यात. त्या वेळी त्याच्याशी कुणी बोलू नये.

मोबिलिटीचा, म्हणजे प्रभार किती सहज पळतो त्याचा, आकडा हे त्याचं रोजचं पंचांग. स्फटिक सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉनसाठी तो हजाराच्या पुढे, दादाच्या फिल्ममध्ये ०.०३. एकदा चक्क ८ आला. पेढे वाटून झाले आणि मग आलेख नीट पाहिला, तर रेघ सुरुवातीला ताठ आणि पुढे लवलेली. इलेक्ट्रोडपाशी असलेल्या रोधाने हूल दिली होती. पेढे परत मागितले नाहीत, एवढा मोठेपणा त्याच्याकडे आहे.

परवा आम्ही बसने निघालो. गर्दी अशी, की कंडक्टर पुढेच अडकलेला. पन्नासची नोट हातोहात पुढे गेली आणि दादाचे डोळे चमकले.

"बघ, लोक चिकटून उभे आहेत म्हणून नोट गेली! आणि ती सॅकवाली पोरं बघ. शेपट्या! तिथे कशी रेंगाळली?"

शेजारच्या आजोबांनी पिशवी पोटाशी घेतली. मिळून तीस रुपयांची दोन तिकिटं आली. सुटे वीस आले नाहीत. दोन स्टॉप गेले, तरी नाहीत.

"दादा, वीस रुपये?"

"ट्रॅप झाले," दादा समाधानाने म्हणाला. "कुठल्याही फिल्ममध्ये होतात."

नोट माझी होती.